नारायण मेघाजी लोखंडे : रविवारची सुट्टी आणि कामगाराचे आरोग्य



रविवार कोणाला आवडत नाही? शाळा बंद, अभ्यास थोडा कमी आणि खेळ जास्त. आपल्या भोर-वेल्हे भागात तर रविवारी राजगड-तोरण्याच्या वाटेवर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. पण ही रविवारची सुट्टी आपल्याला कोणी मिळवून दिली, हे विचारले तर वर्गात बहुतेक मुले इंग्रजांचे नाव घेतात. खरे उत्तर वेगळे आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांनी ही सुट्टी मागून, भांडून मिळवली आणि त्यांचे पुढारी होते आपल्याच पुणे जिल्ह्यातील घराण्यातले नारायण मेघाजी लोखंडे.

आजच्या पाठात आपण त्यांचे चरित्र पाहू. त्यासोबत आणखी एक गोष्ट शिकू. सुट्टी ही नुसती आरामासाठी नसते. धूळ, रंग, थिनर, फवारणीचे औषध अशा पदार्थांत रोज काम करणाऱ्या माणसाला, आपले दुखणे कामामुळे आहे का, हे ओळखायला तीच सुट्टी मदत करते. कशी, ते पुढे कळेलच. चला तर मग सुरुवात करूया.

बालपण, शिक्षण आणि नोकरी

नारायण लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा. हे साल लक्षात ठेवायला सोपे आहे, कारण याच वर्षी महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. लोखंडे यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. घरची परिस्थिती बेताची. त्यांचे शिक्षण ठाण्यात झाले. फार पुढे शिकता आले नाही, म्हणून त्यांनी नोकरी धरली. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात त्यांनी काम केले. त्यानंतर मुंबईत मांडवी भागातल्या एका कापड गिरणीत ते भांडारपाल म्हणजे स्टोअरकीपर झाले.

ही नोकरी त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. भांडारपालाचे काम तसे टेबलावरचे, पण गिरणीत रोज जाणारा माणूस सगळे पाहतो. कामगार किती वाजता आत जातात, कधी बाहेर पडतात, कोणाचा हात यंत्रात सापडला, कोण खोकत खोकत घरी गेला आणि परत आलाच नाही, हे त्यांना समोर दिसत होते.

दुसरीकडे त्यांच्या मनावर सत्यशोधक विचारांचा संस्कार झाला होता. जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि लोखंडे लवकरच त्या कामात ओढले गेले. समाजाचे विचार सांगणारे ‘दीनबंधू’ हे पत्र कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात सुरू केले होते. ते बंद पडल्यावर १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईतून पुन्हा चालू केले. शेतकरी आणि कामगारांची दुःखे छापणारी पत्रे तेव्हा किती होती? बोटावर मोजण्याइतकीच. त्यामुळे ‘दीनबंधू’ हे गिरणी कामगाराचे हक्काचे पत्र झाले.

गिरणीच्या आत काय होते?

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी उभारली. १८५४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८५६ मध्ये ताडदेवला उत्पादन सुरू झाले. पुढच्या तीस वर्षांत गिरण्या झपाट्याने वाढल्या. कोकणातून, घाटावरून, आपल्या मावळातूनही माणसे पोटासाठी मुंबईला जाऊ लागली. तुमच्यापैकी काहींच्या घरी पणजोबा, आजोबा गिरणीत होते, असे आजही सांगितले जात असेल. घरी विचारून बघा.

आता गिरणीच्या आत जाऊया. कापसाच्या घट्ट बांधलेल्या गाठी आधी फोडायच्या. तो कापूस झोडून, झटकून, पिंजून मोकळा करायचा. या ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात धुळीचे ढग उठायचे. ही धूळ साधी माती नव्हे. कापसाच्या बोंडाचा, पानाचा, देठाचा चुरा आणि त्यावर वाढलेल्या जिवाणूंचे अंश त्यात असतात. पुढे सूत काढायचे. सूत तुटू नये म्हणून हवेत ओलावा राखलेला, खिडक्या बंद, त्यात मुंबईचा उकाडा. मग सुताला खळ लावायची. खळीला बुरशी लागू नये म्हणून झिंक क्लोराइडसारखे रसायन मिसळण्याची पद्धत त्या काळच्या कापडधंद्यात होती. कापड पांढरे करायला ब्लीचिंग पावडर वापरत, तिच्यातून क्लोरीन वायू सुटतो. रंगखात्यात आम्ले आणि नवे रासायनिक रंग होते.

कामाचे तास किती? गिरण्यांत तेव्हा विजेचे दिवे नव्हते, म्हणून सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद. हिवाळ्यात दहा-अकरा तास, तर उन्हाळ्यात तेरा-चौदा तास! आठवड्याची सुट्टी ठरलेली नव्हती. सणावाराला गिरणी बंद राहिली तरच सुट्टी. काही गिरण्या रविवारी बंद असत, पण तेव्हाही यंत्रे पुसायला कामगाराला अर्धा दिवस यावेच लागे.

विचार करा, एखादा माणूस रोज बारा-तेरा तास धुळीत श्वास घेतोय आणि छातीला एक दिवसही मोकळीक नाही. मग छाती भरणे, खोकला, दम हे त्याला रोजचेच वाटणार. हे माझ्या नशिबात आहे किंवा मुंबईचे पाणीच बाधले, असे तो म्हणणार. दुखणे कामामुळे आहे हे त्याला कळणार तरी कसे? ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. आपल्या पाठाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

पहिला कायदा आणि त्यातली उणीव

गिरण्यांची चौकशी करण्यासाठी सरकारने १८७५ मध्ये मुंबईत एक कमिशन नेमले. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी १८७८ मध्ये कायद्याचा मसुदा तयार करून पाठपुरावा केला. शेवटी १८८१ चा कारखाने कायदा आला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी झाली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास काम आणि महिन्याला चार सुट्ट्या मिळाल्या. धोकादायक यंत्रांना कठडा लावावा, असेही ठरले.

पण मोठ्या माणसांसाठी काय? तासांची मर्यादा नाही, सुट्टी नाही, काहीच नाही. शिवाय गिरणी मालक आणि त्या काळची बरीच वर्तमानपत्रे अशा कायद्याच्या विरोधात होती. हे सगळे मँचेस्टरच्या मालकांचे कारस्थान आहे, त्यांना हिंदी गिरण्या बुडवायच्या आहेत, असे त्यांचे म्हणणे. त्यात थोडे तथ्यही होते, कारण लँकेशायरच्या मालकांना इथली स्पर्धा खुपत होती. पण या वादात धुळीत उभ्या असलेल्या कामगाराचे काय, हे विचारणारे थोडेच होते. लोखंडे त्या थोड्यांतले एक.

पाच मागण्या

१८८४ मध्ये सरकारने पुन्हा एक फॅक्टरी कमिशन नेमले. ही संधी साधून लोखंडे यांनी २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ रोजी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या. भारतातल्या कामगारांच्या पहिल्या संघटित सभांमध्ये त्यांची गणना होते. सभेत ठरलेल्या मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या-अंगठे केले. मागण्या पाच होत्या :

१. दर रविवारी सर्वांना पूर्ण सुट्टी मिळावी.
२. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी.
३. गिरणी सकाळी साडेसहाला सुरू व्हावी आणि सूर्यास्ताला बंद व्हावी.
४. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा.
५. कामावर इजा झाल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास पोटापाण्याची सोय व्हावी.

मित्रांनो, ही यादी पुन्हा एकदा वाचा. पाचवी मागणी किती पुढची आहे बघा. कामाने माणसाला इजा केली तर त्याचा खर्च कामानेच उचलला पाहिजे, हा विचार १८८४ मध्ये आपल्याकडे मांडला गेला होता!

एक गोष्ट मात्र खरी. या यादीत धूळ हा शब्द नाही, रसायन हा शब्द नाही. डोळ्यांना दिसणारी इजा म्हणजे तुटलेले बोट, मोडलेला हात. छातीत साचत जाणारी इजा तेव्हा आपल्याकडे कोणी मोजत नव्हते. पण पहिल्या मागणीने पुढे त्या न दिसणाऱ्या इजेवरही उजेड पडणार होता.

रविवार मिळाला

अर्ज केला आणि लगेच सुट्टी मिळाली, असे झाले नाही. सहा वर्षे गेली. मुंबई गिरणी कामगारांची ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही संघटना लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली याच चळवळीतून उभी राहिली. आजच्या युनियनसारखी वर्गणी, सभासद-नोंदणी असे तिचे स्वरूप नव्हते, पण कामगारांच्या वतीने बोलणारे एक ठिकाण तयार झाले.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. त्या काळात एवढ्या गर्दीपुढे बाईने उभे राहून बोलणे ही केवढी मोठी गोष्ट होती! रविवारच्या सुट्टीची मागणी सभेने मालकांकडे पाठवली. रविवारच का? तर तो खंडोबाचा वार आहे, असेही लोखंडे यांनी मांडल्याचे सांगितले जाते. जेजुरी आपल्या शेजारच्याच तालुक्यात. त्यामुळे हे कारण कामगारांच्या मनाला किती पटले असेल, ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनवर मुंबईसाठी साहाय्यक सभासद म्हणून लोखंडे यांना घेतले गेले. मग १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्धा तास विश्रांती कारखान्यांत लागू केली. स्त्रियांना अकरा तासांची, तर नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तासांची मर्यादा आली.

सोमवारी छाती का आवळते?

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. या आजाराची एक विचित्र खूण आहे. रविवारी कामगार घरी असतो, छाती मोकळी होते. सोमवारी तो कामावर गेला की काही तासांत छाती आवळल्यासारखी होते, श्वास अपुरा पडतो. मंगळवारी त्रास जरा कमी वाटतो. म्हणून इंग्लंडमधल्या गिरणी कामगारांत या दुखण्याला सोमवारचा आजार असेच नाव पडले होते.

इंग्लंडच्या लँकेशायर भागातही आपल्या मुंबईसारख्याच कापड गिरण्या होत्या. तिथे १९५० च्या दशकात रिचर्ड शिलिंग या डॉक्टरांनी कामगारांना सोमवारबद्दल विचारूनच आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. पहिली पायरी : छाती कधीकधी सोमवारी आवळते. दुसरी : दर सोमवारी आवळते. तिसरी : सोमवारी आणि इतर दिवशीही आवळते. शेवटची : कायमचा दम आणि काम करण्याची ताकद कमी. पहिल्या पायऱ्यांवर माणसाला धुळीपासून दूर केले तर तो सावरू शकतो. शेवटच्या पायरीवर गेल्यावर मागे फिरणे कठीण. मुंबईतही केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी पुढे गिरणी कामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास केला आणि हा आजार इथेही आहे, हे दाखवले.

आता बघा, रविवारची सुट्टीच नसती तर ‘सोमवार’ तरी कुठून आला असता? सगळे दिवस सारखेच. छाती मोकळी कशी असते, याचा कामगाराला विसरच पडला असता. लोखंडे यांनी सुट्टी मागितली ती विश्रांतीसाठी, घर-संसारासाठी, समाजाच्या कामासाठी. हा वैद्यकीय फायदा तेव्हा कोणाच्या मनातही नसेल. पण त्या एका दिवसाने कामगाराच्या शरीराला तुलना करायची सोय दिली. कामावर असे वाटते, सुट्टीत तसे वाटते, मग फरक कशाचा?

हीच परीक्षा आज आपल्या भागात

मुंबईच्या गिरण्या आज जवळपास संपल्या. पण आपल्या भोर-वेल्ह्यातली माणसे आता शिरवळ, खेड शिवापूर, पुणे अशा ठिकाणी कंपन्यांत जातात. कोणी पेंटशॉपमध्ये, कोणी वेल्डिंगला, कोणी बांधकामावर, कोणी गॅरेजमध्ये आहे. गावात राहणारे भातावर, भाजीपाल्यावर फवारणी करतात. काम बदलले तरी शरीर तेच आहे. काही उदाहरणे पाहू :

- स्प्रे पेंटिंग : गाड्यांच्या दोन भाग मिसळून वापरायच्या रंगात आयसोसायनेट नावाची रसायने असतात. त्यांनी दमा होऊ शकतो. खोकला, धाप बऱ्याचदा संध्याकाळी किंवा रात्री येते, म्हणून कामाशी संबंध जुळत नाही. सुट्टीत, गावच्या जत्रेला चार दिवस आल्यावर बरे वाटते.
- वेल्डिंग : जस्ताचा मुलामा दिलेल्या म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या धुरामुळे संध्याकाळी थंडी-ताप येतो, अंग दुखते, तोंडाला धातूची चव येते. फ्लू समजून गोळी घेतली जाते. हाही त्रास सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त होतो.
- बांधकाम : ओल्या सिमेंटमधल्या क्रोमियममुळे हाताला खाज, भेगा, चट्टे येतात. सुट्टीत कमी होतात, कामावर गेले की पुन्हा.
- थिनर, सॉल्व्हंट : डोके जड होणे, गरगरणे, मळमळणे. शिफ्ट संपल्यावर मोकळ्या हवेत उतरते.
- फवारणी : काही कीटकनाशकांमुळे घाम, लाळ, डोळ्यांची बाहुली बारीक होणे, उलटी, अशक्तपणा अशी लक्षणे दिसतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. इथे मात्र सुट्टीची वाट पाहायची नाही. लगेच कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्या. उलटी करवू नका.

पालकहो, म्हणून घरात एक साधी ‘सुट्टीची वही’ ठेवा. चार आठवडे रोज तीन गोष्टी लिहा : आज काम होते की सुट्टी, कोणत्या पदार्थाशी काम केले आणि त्रास किती झाला. लिहायला दोन मिनिटे लागतात. मुलांनो, वडिलांना वेळ नसेल तर तुम्ही विचारून लिहा. डॉक्टरांकडे जाताना ही वही न्या आणि मी कंपनीत आहे एवढेच सांगू नका. मी अमुक रंग मारतो, अमुक पदार्थ हाताळतो, असे सांगा. रुग्णाला त्याचे काम विचारावे, हा धडा इटलीच्या बर्नार्दिनो रामाझिनी या डॉक्टरांनी १७०० साली आपल्या ग्रंथात डॉक्टरांना दिला होता. आजही घाईगर्दीत तो प्रश्न राहून जातो, म्हणून आपणच सांगितलेले बरे.

ही परीक्षा कुठे फसते?

हा भाग फार महत्त्वाचा आहे, वगळू नका. सुट्टीत बरे वाटले नाही म्हणजे काम निर्दोष, असे मुळीच नाही. दगडाच्या, खडी क्रशरच्या धुळीतील सिलिका वर्षानुवर्षे गुपचूप फुप्फुसात साचते. ॲस्बेस्टॉसचा आजार कधीकधी वीस-तीस वर्षांनी उघडा पडतो. बेंझिन रक्त बिघडवते, शिसे हळूहळू शरीरात साठते. हे पदार्थ सोमवारची सूचना देत नाहीत. त्यांच्यासाठी छातीचा एक्स-रे, फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी, रक्त तपासणी हाच मार्ग आहे. कंपनीत वर्षाला होणारी तपासणी चुकवू नका आणि तिचा रिपोर्ट मागून घ्या.

काही गैरसमजही दूर करूया. गूळ खाल्ला की छातीतली धूळ उतरते, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण गूळ जातो पोटात आणि धूळ असते फुप्फुसात. दोन्हींच्या नळ्या वेगळ्या, हे तर आपण विज्ञानाच्या पुस्तकात शिकतो! दूध प्यायल्याने रंगाचा वास बाधत नाही, हेही तसेच. तोंडाला रुमाल बांधल्याने थिनरची वाफ अडत नाही, त्यासाठी योग्य फिल्टरचा मास्क लागतो. त्याहून चांगले म्हणजे धूर-वाफ जिथे निघते तिथूनच ओढून घेणारा पंखा. हाताचा रंग थिनरने धुवू नका, ते कातडीतूनही आत जाते. आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका, नाहीतर कारखान्याची धूळ लहान बाळापर्यंत पोहोचते.

मागण्यांचे पुढे काय झाले?

लोखंडे यांच्या पहिल्या दोन मागण्या १८९१ मध्ये कायद्यात आल्या. बाकीच्यांना किती वेळ लागला, पाहा :

- कामाचे तास : गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर दिवस आणखी लांबला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली. १९४८ च्या कारखाने कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास ठरले.
- वेळेवर पगार : १९३६ चा वेतन प्रदान कायदा.
- इजा झाल्यास भरपाई : १९२३ चा कामगार भरपाई कायदा. म्हणजे मागणीनंतर ३९ वर्षांनी! या कायद्यात तुटलेल्या हातापायासोबत कामामुळे होणाऱ्या आजारांची यादीही आली. सुरुवातीच्या त्या यादीत शिसे आणि फॉस्फरस यांची विषबाधा होती. न दिसणारी इजाही इजाच आहे, हे कायद्याने मान्य केले.

पुढे १९४८ च्या कायद्यात, डॉक्टरांनी सरकारला कळवलेच पाहिजेत अशा व्यावसायिक आजारांची यादी होती आणि त्यात बिसिनोसिसलाही जागा मिळाली. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये या कायद्यात भर घालून कामगाराला आपण हाताळत असलेल्या पदार्थांच्या धोक्याची माहिती मागण्याचा हक्क दिला गेला. २०२० मध्ये संसदेने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती यांची नवी संहिता मंजूर केली. तेव्हा सुपरवायझरकडे सेफ्टी डेटा शीट मागायला लाजू नका. त्या कागदावर पदार्थाचे धोके आणि काळजी लिहिलेली असते. ईएसआयचे कार्ड असेल तर पुण्यात बिबवेवाडीला ईएसआयसीचे रुग्णालय आहे. नसेल तर आपले भोरचे उपजिल्हा रुग्णालय आहेच.

अखेरची वर्षे

लोखंडे यांचे काम गिरणीपुरते नव्हते. विधवांचे केशवपन करणार नाही, असे नाभिक बांधवांनी १८९० मध्ये मुंबईत ठरवले, त्यामागे लोखंडे यांची प्रेरणा होती. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली, तेव्हा शांततेसाठी ते झटले. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पहिले रुग्ण मांडवी भागात सापडले. माणसे शहर सोडून पळू लागली. लोखंडे थांबले आणि रोग्यांच्या मदतीला लागले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वय पन्नासच्या आतच. महिन्याभरानंतर पुण्यात सावित्रीबाई फुले यांनाही प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच मृत्यू आला.

भारत सरकारने २००५ मध्ये लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मुंबईतील राज्य शासनाच्या श्रम विज्ञान संस्थेलाही त्यांचे नाव दिलेले आहे. पण त्यांचे सर्वांत मोठे स्मारक दर आठवड्याला आपल्या घरी येते. मित्रांनो, येत्या रविवारी घरातल्या कामावर जाणाऱ्या माणसाला एवढेच विचारा की आज छाती, डोके, हात कसे वाटतात? आणि सोमवारी संध्याकाळी तोच प्रश्न पुन्हा विचारा.

स्वाध्याय

१. लोखंडे यांच्या पाच मागण्या लिहा. तुम्हाला सर्वांत महत्त्वाची कोणती वाटते? का?
२. बिसिनोसिसचा त्रास सोमवारी जास्त का जाणवतो? तुमच्या शब्दांत सांगा.
३. सुट्टीत बरे वाटले नाही तरी कामापासून धोका असू शकतो, अशी दोन उदाहरणे द्या.
४. कारणे द्या : गूळ खाऊन फुप्फुसातील धूळ निघत नाही.

उपक्रम

घरातील किंवा शेजारच्या एका कामगाराची मुलाखत घ्या. ते कोणत्या पदार्थांसोबत काम करतात आणि कोणती काळजी घेतात, ते वहीत लिहा. कीटकनाशकाच्या डब्यावरील रंगीत त्रिकोण मोठ्या माणसांच्या मदतीने, डब्याला हात न लावता पाहा. लाल म्हणजे सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, पण विषच, बरं का!